कोर्टाला गावाच्या दारी नेणारा वकील

पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण सातबाऱ्यावर नाव नाही, असे एखादे घर तुमच्या गावात किंवा शेजारच्या पाड्यावर नक्की असेल. बांध आजोबांनी घातला, विहीर वडिलांनी खोदली, आंब्याची झाडे आजीच्या हातची. तरी कचेरीत गेले की पहिला प्रश्न ठरलेला : ‘कागद कुठे आहे?’ आणि कागद नाही म्हटले की माणूस मान खाली घालून घरी येतो.

वाचकहो, हा प्रश्न फक्त आपल्याच मुलखात विचारला जातो असे नाही. सातासमुद्रापलीकडे कॅनडा नावाचा देश आहे. क्षेत्रफळाने तो आपल्या देशाच्या तिप्पट. तिथल्या आदिवासींनाही शंभर वर्षे हाच प्रश्न विचारला जात होता. त्यांच्यासाठी जन्मभर कोर्टात उभ्या राहिलेल्या एका वकिलाची ही हकीकत आहे. तिचा एक धागा आपल्या सातपुड्यापर्यंत येऊन पोचतो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

फुल्यांचा कोरा कागद

टॉमस बर्जर यांचा जन्म १९३३ चा. वडील पोलिसात नोकरीला. १९५७ मध्ये सनद मिळाल्यावर त्यांनी व्हँकुव्हर शहरात वकिली सुरू केली. त्यांच्याकडे येणारे पक्षकार बहुतेक कामगार आणि साधी माणसे.

१९६३ मध्ये व्हँकुव्हर बेटावर दोन आदिवासींना पकडले. शिकारीची मुदत संपली असताना त्यांनी सहा हरणे मारली, असा आरोप होता. दंड झाला, आणि दंड न भरल्यास तुरुंग. त्यांचे म्हणणे एकच होते, ‘आमच्या वाडवडिलांना हा हक्क सरकारनेच कबूल केला होता.’

बर्जर यांनी खटला हाती घेतला आणि जुने दप्तर पाहिले. १८५४ मध्ये त्या लोकांच्या पूर्वजांनी गोऱ्या गव्हर्नराशी जमिनीचा व्यवहार केला होता. पण कागद पाहावा तर नवल! खाली दीडशेहून अधिक फुल्या, आणि वर मजकूरच नाही. आधी खुणा करून घेतल्या आणि मजकूर लिहायचा राहून गेला तो गेलाच. मात्र त्याच गव्हर्नराने आसपासच्या इतर वस्त्यांशी केलेल्या करारांत स्पष्ट लिहिलेले होते की रिकाम्या जमिनीवर पूर्वीप्रमाणे शिकार करण्याची मुभा राहील.

सरकारचे म्हणणे, हा करार नव्हेच, नुसते खरेदीखत आहे. कोर्टाने ते मानले नाही. तो करारच आहे आणि तो पाळला पाहिजे, असा निकाल झाला. सरकार अपिलात गेले, तरी १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. कोऱ्या कागदावरच्या फुल्यांना शंभर वर्षांनी किंमत आली.

हरलेला, पण जिंकलेला खटला

ही बातमी उत्तरेकडे नास नदीच्या खोऱ्यातल्या निसगा लोकांपर्यंत गेली. हे लोक चिकाटीचे. १८८७ पासून त्यांचे पुढारी राजधानीत जाऊन सांगत होते की ही जमीन आम्ही कुणाला विकली नाही, कुणाला दिली नाही. दर वेळी हात हलवत परत यावे लागे. त्यांचे पुढारी फ्रँक काल्डर यांनी बर्जर यांना वकीलपत्र दिले. कोर्टात निसगा पुढाऱ्यांनी साक्ष दिली, आपल्या मुलखाची हद्द सांगितली, नदी आणि मासेमारीच्या जागा कुणी कशा वापरायच्या याचे त्यांचे नियम सांगितले.

खालच्या दोन्ही कोर्टांत ते हरले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३१ जानेवारी १९७३ ला लागला. सात न्यायाधीश होते. तीन बाजूने, तीन विरुद्ध, आणि सातव्याने सांगितले की सरकारवर दावा लावण्याची परवानगी आधी घ्यायला हवी होती. म्हणजे दावा तांत्रिक कारणावर फेटाळला गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग मिळवले काय? मिळवले ते असे. सातांपैकी सहा न्यायाधीशांनी एक गोष्ट मान्य केली : गोरे लोक येण्यापूर्वीपासून राहणाऱ्यांचा जमिनीवर हक्क असतो, आणि कायदा तो ओळखतो. तो अजून शाबूत आहे की गेला, एवढ्यावरच त्यांचा मतभेद होता. जे सरकार ‘तुमचा हक्कच नाही’ म्हणत होते, त्याने त्याच वर्षी धोरण बदलले आणि वाटाघाटीला बसले. निसगांचा करार अखेर २००० मध्ये अमलात आला. सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन आणि आपला कारभार आपण करण्याचा अधिकार त्यांना मिळाला. १८८७ पासून मोजा, म्हणजे किती पिढ्या खपल्या ते कळेल.

घरातले तंटे, घरातली मुले

मधल्या काळात, १९७१ मध्ये, बर्जर न्यायाधीश झाले होते. १९७३ ते १९७५ या काळात त्यांच्या प्रांताच्या सरकारने कुटुंब आणि मुले यांच्या कायद्याचा विचार करायला आयोग नेमला, त्याचे ते अध्यक्ष होते. घर मोडते तेव्हा बाई एका कोर्टात पोटगीसाठी, दुसऱ्या कोर्टात मुलाच्या ताब्यासाठी फिरते. त्याऐवजी घरातले सगळे प्रश्न एकाच ठिकाणी ऐकावेत, आणि मोठ्यांच्या भांडणात मुलाचे हितही कुणीतरी मांडावे, या दिशेने त्या कामाचा रोख होता. आदिवासी घरांतली मुले सरकारी खात्याने उचलून परक्या घरी ठेवायची, हे त्या काळी सर्रास चाले. त्याचाही आयोगाला विचार करावा लागला. आपल्याकडे कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा आहे, हे येथे लक्षात घ्या.

पस्तीस गावांत चौकशी

१९७४ मध्ये त्यांच्यावर आणखी मोठे काम आले. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून गॅसची प्रचंड नळवाहिनी न्यायची कंपन्यांची योजना होती. तिचे परिणाम काय होतील, ते तपासायचे होते.

बर्जर यांनी शहरात तज्ज्ञांचे ऐकलेच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. ते स्वतः पस्तीस गावांत गेले. कुठे गावच्या सभागृहात, तर कुठे कोळ्यांच्या तळावर बैठक भरली. ज्याला बोलायचे त्याने बोलावे, आपल्या भाषेत बोलावे, आणि संपेपर्यंत बोलावे. सुमारे हजार माणसे बोलली. म्हाताऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितले, इथे आम्ही फासे लावतो, इथे मासे धरतो, इथे आमची माणसे पुरली आहेत. कंपन्यांकडे पैसा होता, तसा आदिवासी संघटनांकडे नव्हता. म्हणून त्यांनाही आपले तज्ज्ञ आणता यावेत यासाठी सरकारकडून पैसे मिळवून दिले. रेडिओवरून रोजचे वृत्त आदिवासी भाषांत जाई, त्यामुळे एका गावचे बोलणे दुसऱ्या गावाला समजे.

१९७७ मध्ये अहवाल आला. आधी जमिनीच्या हक्काचा निवाडा करा, तोवर मॅकेन्झी खोऱ्यातली नळवाहिनी दहा वर्षे थांबवा, आणि उत्तर युकॉन भागातून ती कधीच नेऊ नका, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नळवाहिनी झाली नाही.

पुढे १९८१ मध्ये नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून आदिवासींच्या हक्काचे कलम गाळले गेले. बर्जर यांनी न्यायाधीश असूनही जाहीरपणे टीका केली. कलम पुन्हा घातले गेले. त्यांच्यावर मात्र तक्रार झाली, आणि १९८३ मध्ये न्यायाधीशपद सोडून ते पुन्हा वकिलीकडे वळले.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सरदार सरोवर धरणाला जागतिक बँकेचे कर्ज होते. विस्थापितांची गाऱ्हाणी वाढली, तेव्हा बँकेने १९९१ मध्ये स्वतंत्र पाहणी समिती नेमली. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष, आणि उपाध्यक्ष होते हेच टॉमस बर्जर. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडणार होती. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ही गावे तेव्हा धुळे जिल्ह्यात होती, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहेत.

समिती नर्मदेच्या खोऱ्यात फिरली. इथेही तोच प्रश्न पुढे आला. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आदिवासी सरकारी दप्तरात ‘अतिक्रमणदार’, आणि म्हणून भरपाईच्या हिशेबात भूमिहीन! जून १९९२ च्या अहवालात समितीने सांगितले की चालू परिस्थितीत सर्वांचे पुनर्वसन होणे शक्य नाही, बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. धरण मात्र थांबले नाही. ते पूर्ण होऊन २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. अहवालाने गाव वाचत नाही, हेही खरे.

बर्जर थकले नाहीत. १८७० मध्ये मेटी नावाच्या समाजाच्या मुलांना १४ लाख एकर जमीन देण्याचे वचन सरकारने दिले आणि नीट पाळले नाही. हा दावा १९८१ पासून चालला होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दोष मान्य केला. तेव्हा बर्जर ऐंशीच्या घरात होते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

बर्जर यांच्या साऱ्या वकिलीत एकच गोष्ट आहे : जमिनीवर राहणाऱ्याचे बोलणे हाही पुरावा असतो, पण तो कुणीतरी नीट मांडावा लागतो. आपल्या वनहक्क कायद्याने, म्हणजे २००६ च्या कायद्याने, हे मान्य केले आहे. म्हणून पुढील गोष्टी घरात वाचून दाखवा.

वनजमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असाल तर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा.

पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. बांध, विहीर, घर, स्मशानभूमी यांच्या खुणाही चालतात. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या.

हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे निघते. बाईचे नाव घातले आहे ना, हे डोळ्यांनी पाहा.

दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, आणि साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अर्ज करा.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो.

निसगांना शंभरावर वर्षे लागली, पण प्रत्येक पिढीने आपले म्हणणे सांगणे सोडले नाही. तुमच्या घरातल्या आजोबांना आज संध्याकाळीच विचारा, पहिला बांध कुणी आणि कोणत्या साली घातला. ते सांगतील ते वहीत उतरवा, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या.