नटाला तलवार येते का, हा प्रश्नच चुकीचा

ऐतिहासिक मराठी चित्रपट लागला की आठवडाभर एकच वाक्य कानावर पडतं: ‘हिरोला तलवार धरता येत नाही, लढत काय डोंबल रंगणार!’ म्हणजे नट अस्सल तलवारबाज असला की झालं. वर्षानुवर्षं हे ऐकतो आहे आणि दर वेळी तितकीच चीड येते.

खऱ्या लढतीचा आणि पडद्यावरच्या लढतीचा हेतूच उलटा असतो. खऱ्या लढतीत वार कुठून येणार हे लपवायचं. पडद्यावर तो समोरच्या नटाला आधीच ठाऊक हवा, नाहीतर कुणाचा तरी डोळा जाईल. आणि प्रेक्षकालाही तो येताना दिसायला हवा, तरच त्याचा जीव टांगणीला लागेल. ऑलिंपिकमधली तलवारबाजी पाहा. पातं अंगाला कधी लागलं हे पंचांच्या डोळ्यांना पकडता येईना, म्हणून तिच्या तिन्ही प्रकारांत विजेचा दिवा आला: एपेमध्ये 1936 साली, फॉइलमध्ये 1956 ला, सेबरमध्ये 1992 ला. शेजारी उभ्या पंचाला जे दिसत नाही, ते विसाव्या रांगेतल्या माणसाला काय दिसणार?

बॅसिल रॅथबोन हा हॉलिवूडमधला पक्का तलवारबाज, एरॉल फ्लिनपेक्षा कितीतरी सरस. तरी ‘कॅप्टन ब्लड’ (1935) आणि ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ (1938) या दोन्ही चित्रपटांत तो फ्लिनच्या हातून मरतो आणि आपल्याला ते पटतं. दोन्ही लढती फ्रेड केव्हन्स यांनी बसवल्या होत्या. रॉबिन हूडच्या लढतीत दोघं मध्येच कॅमेऱ्याबाहेर सरकतात आणि दगडी खांबावर नुसत्या सावल्या लढतात. कुणाची पकड कशी आहे, पाय कुठे पडतोय, काहीच दिसत नाही. लोकांच्या मनात मात्र नेमका तोच क्षण घर करून बसला आहे.

त्याहून मोठं उदाहरण कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’चं (1954). त्यातल्या क्यूझो या सामुराईचं काम करणाऱ्या सेइजी मियागुची यांनी त्याआधी तलवार हातात धरली नव्हती. आता त्याच्या द्वंद्वाचा प्रसंग पाहा. आधी दोघं काठ्यांनी लढतात. समोरचा म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. तो चिडतो, खरी तलवार उपसतो, आरडाओरडा करत चालून येतो. क्यूझो जागचा फारसा हलत नाही. एकच वार, आणि चिडलेला माणूस मंदगतीत जमिनीवर कोसळतो. लढत खरं तर काठ्यांच्या वेळीच संपलेली असते. एकाला ते कळलेलं असतं, दुसऱ्याला नाही. तिथे हातापेक्षा स्वभाव लढतात.

‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये (1987) उलट दोन तलवारबाज गप्पा मारत लढतात. दोघंही मुद्दाम डाव्या हाताने लढत असतात आणि एकेक करून तलवार उजव्या हातात घेतात. तलवार हात बदलते तेव्हा पारडंही फिरतं. कॅरी एल्विस आणि मँडी पटिंकिन यांनी महिनोन्‌महिने सराव करून, कोलांट्या सोडता जवळपास सगळी लढत स्वतः केली. म्हणजे मेहनत लागतेच, ती नाकारत नाही. पण ती ठरलेली लढत बिनचूक करण्याची मेहनत आहे, द्वंद्व जिंकण्याची नव्हे.

बाकीचे गैरसमज झटपट. तलवारी वीस-वीस किलोच्या नसत. एका हाताने चालवायची तलवार साधारण एक ते दीड किलोची. चामड्याच्या किंवा लाकडी म्यानातून पातं उपसताना ‘शिंऽऽग’ आवाज येत नाही, तो ध्वनिमुद्रणात भरतात. दर सेकंदाला दृश्य तोडल्याने लढत वेगवान होत नाही, कोण कुठे आहे तेच कळेनासं होतं.

तलवारीचं खरं ज्ञान लागतं ते लढत बसवणाऱ्याला. ‘प्रिन्सेस ब्राइड’च्या दोघांना पीटर डायमंड यांच्यासोबत शिकवणारे बॉब अँडरसन 1952 च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळले होते. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (1980) डार्थ व्हेडरच्या मुखवट्याआड लढणारेही तेच; प्रेक्षकांना ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा पुढच्या वेळी लढत आवडली, तर श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्ची सोडू नका. फाइट मास्टरचं नाव वाचूनच उठा.