मधमाश्यांचा उपासकाळ

मधमाश्यांच्या संगोपनावरील परदेशी पुस्तकांत हिवाळ्यातील अन्नपुरवठ्यास मोठे स्थान दिलेले आढळते. उत्तर युरोपात थंडीचे कित्येक महिने फूल दृष्टीस पडत नाही. माश्या एकमेकींस बिलगून राहतात, उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि साठविलेल्या मधावर निर्वाह करतात. तो मध मनुष्याने काढून घेतला असेल, तर साखरेचा पाक द्यावा लागतो. न दिल्यास वसंतापूर्वीच वसाहत नष्ट होते.

मस्तगड परिसरातील शिक्षकांनी हा पाठ जसाच्या तसा शिकवू नये. जालन्याच्या शिवारात हिवाळा सरता सरता करडई, कोथिंबीर, मोसंबीचा आंबेबहार व बियाण्याचा कांदा फुलतो. तो माश्यांचा सुगीचा काळ होय. त्यांचे हाल होतात ते कडक उन्हाळ्यात आणि पावसाच्या झडीत. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत माशीस बाहेर पडता येत नाही. त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथील मधपाळांचा खरा ‘हिवाळा’ म्हणजे पावसाळा.

आपली सातेरी माशी उपासमार झाल्यास पेटी सोडून निघून जाते. म्हणून मध काढताना काही पोळी भरलेली ठेवावीत. तरीही टंचाई पडल्यास साखर व उकळलेले पाणी समभाग घेऊन पाक करावा, तो थंड होऊ द्यावा आणि सायंकाळी पेटीच्या आत वाटीत ठेवावा. माश्या बुडू नयेत म्हणून वाटीत काड्या टाकाव्यात. पाक बाहेर सांडू देऊ नये. त्या वासाने इतर वसाहतींच्या माश्या लूट करावयास येतात. गूळ देऊ नये. त्याने माश्यांस हगवण लागते. उन्हाळ्यात जवळपास स्वच्छ पाणी व पेटीवर सावली असावी.

शाळेत पेटी नसली तरी हा अभ्यास होऊ शकतो. विद्यार्थ्यांकडून प्रत्येक महिन्यात गावात कोणती फुले फुलली व त्यांवर माश्या आल्या की नाही, याची नोंदवही ठेववावी. वर्षअखेर जी पाने कोरी राहतील, तोच आपल्या गावच्या मधमाश्यांचा उपासकाळ. त्या महिन्यांत फुलणारे एखादे झाड शाळेच्या आवारात लावणे, हा या पाठाचा उत्तम स्वाध्याय ठरेल.