जुडी वाट पाहत नाही

तुमच्या शाळेत परसबाग आहे का? जालना जिल्ह्यात पाऊस बेताचा. 2012च्या दुष्काळात तर तेथील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या. तरीही जेवणापूर्वी हात धुतलेले पाणी वाफ्यांकडे वळवले, तर हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर छान फोफावते. मग एक गंमत होते. सारा वाफा एकदम तयार होतो आणि शाळेच्या आमटीला लागते मूठभर कोथिंबीर! उरलेलीचे काय करायचे?

दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, मंठा अशा तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहे चालवली जातात. नेमके हेच पालेभाजीच्या सुगीचे दिवस. उरलेल्या जुड्या तेथील स्वयंपाकघरात पोहोचल्या तर?

पण त्या ताज्याच पोहोचायला हव्यात. पानांवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडत असते. रोप जमिनीत असते तोवर मुळे ही तूट भरून काढतात. उपटलेल्या जुडीला पाणी कोण देणार? पेशींतले पाणी घटले, की हवा गेलेल्या फुग्याप्रमाणे त्या सैल पडतात आणि पान मलूल होते. कोरड्या हवेत तर हे फारच लवकर घडते.

प्रयोग करून पाहा. सारख्या वजनाच्या दोन जुड्या घ्या. एक उघड्यावर ठेवा. दुसरीची मुळे पाण्यात बुडवून पाने ओल्या फडक्याने झाका. संध्याकाळी दुसरीचे पाणी निथळू द्या आणि दोन्ही पुन्हा तोला. कोणती अधिक हलकी झाली?

म्हणून तोडणी सकाळी लवकर करावी. त्या वेळी पेशी पाण्याने भरलेल्या असतात. कोथिंबीर त्याच दिवशी द्यावी. तिचा वास उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो. वाळवली तर तो राहत नाही.

मेथी व शेवग्याचा पाला मात्र धुऊन, निथळून, सावलीत वाळवता येतो. मेथीच्या पाल्यात दहा भागांपैकी सुमारे साडेआठ भाग पाणीच असते. म्हणजे 1 किलो पाल्याचा वाळून उरतो जेमतेम दीडशे ग्रॅम! पाणी नसले की बुरशीला वाढता येत नाही. वाळवताना क जीवनसत्त्व बरेचसे जाते, पण लोह व कॅल्शियम टिकतात. उन्हात वाळवला तर पाल्याचा हिरवा रंग व अ जीवनसत्त्व देणारे कॅरोटीनही घटते.

वाळलेल्या पाल्याच्या पुड्या बांधा, त्यांवर तारीख लिहा आणि स्नेहसंमेलनात विका. त्या पैशांतून वसतिगृहातील मुलांना वह्या घेता येतील. मात्र कोणाला काय दिले, हे फलकावर लिहू नका. उद्या पाला खुडायला तीच मुले तुमच्या शेजारी बसणार आहेत.

जुडी उकिरड्यावर गेली, तर तिला घातलेले पाणीही वाया गेले. यंदा तुमच्या वाफ्यात किती जुड्या उरल्या, ते मोजून पाहा बरे!