सहा आठवड्यांचा हंगाम

इंडियन विमेन्स लीग या फुटबॉल स्पर्धेचा पाचवा हंगाम १५ एप्रिल २०२२ रोजी भुवनेश्वरमध्ये सुरू झाला आणि २६ मे रोजी संपलासुद्धा. बारा संघ, एकच शहर, ऐन उन्हाळ्यात ६६ सामने. प्रत्येक संघाच्या वाट्याला अकरा. फेब्रुवारी २०२० मध्ये गोकुलम केरलाने बेंगळुरूत करंडक जिंकला, त्यानंतर कोविडमुळे पुढचा हंगाम झालाच नव्हता. देशातल्या अव्वल मुली दोन वर्षांनी लीग खेळत होत्या.

त्यात जानेवारीचा सल ताजा होता. महिलांचा आशियाई करंडक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात भरला होता. डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताची इराणशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि दुसऱ्या सामन्याआधी संघात कोविड शिरल्यामुळे यजमानांनाच स्पर्धेबाहेर पडावं लागलं. त्या संघातल्या बऱ्याच जणी आता भुवनेश्वरात एकमेकींसमोर उभ्या होत्या.

संघांची यादी पाहिली की लीगचं खरं रूप कळतं. गोकुलम, मदुराईचा सेतू एफसी, बेंगळुरूचा किकस्टार्ट हे क्लब. त्यांच्या शेजारी ओडिशा पोलीस आणि सशस्त्र सीमा बल. मुंबईहून पिफा, गोव्यातून सिर्वोदेम. बस्तरहून आलेला माता रुक्मिणी हा संघ विनोबांचे शिष्य धरमपाल सैनी यांनी उभ्या केलेल्या आश्रमशाळांमधला. पगारी व्यावसायिक, खात्यातल्या नोकरदार आणि आश्रमशाळेतल्या मुली एकाच गुणतक्त्यात! साहजिकच काही निकाल फारच एकतर्फी लागले.

आधीच्या हंगामांत शेवटी बाद फेरी असे. या वेळी सरळ साखळी होती, त्यामुळे अंतिम सामना नव्हता. तो वेळापत्रकानेच जुळवून आणला. शेवटच्या दिवशी कलिंग स्टेडियमवर गोकुलम आणि सेतू समोरासमोर आले तेव्हा दोघांनीही दहापैकी दहा सामने जिंकले होते. गोलफरक चांगला असल्याने गोकुलमला बरोबरी पुरणार होती. पण तिसऱ्याच मिनिटाला सेतूने गोल केला आणि हिशोब उलटला. चौदाव्या मिनिटाला गोकुलमला पेनल्टी मिळाली. भारताची कर्णधार आशालता देवीने ती चुकवली नाही. तेहतिसाव्या मिनिटाला घानाची एल्शदाई अचेम्पॉन्ग, चाळिसाव्याला मनीषा कल्याण: मध्यंतरालाच ३-१. उत्तरार्धात सेतूला वाट सापडली नाही. एल्शदाई हंगामात २० गोल करून अव्वल ठरली, आणि प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज यांचा संघ अकराच्या अकरा सामने जिंकून पुन्हा विजेता झाला.

पुढे काय? मनीषा सायप्रसच्या अपोलोन क्लबकडे गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. विजेतेपदाच्या जोरावर गोकुलमचा संघ ऑगस्टमध्ये आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला, तेवढ्यात कारभारावरच्या भांडणामुळे फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, त्या मुली एकही सामना न खेळता परतल्या.

लीगचं दुखणं मात्र महासंघाच्या राजकारणापेक्षा साधं आहे. सहा आठवड्यांच्या हंगामासाठी कोणता क्लब वर्षभराचा करार करील? आणि करार नसेल, तर मुलगी पोलीस खात्यातली नोकरी सोडून निव्वळ फुटबॉलवर कशी विसंबेल? २०२३-२४ मध्ये सामने आपापल्या मैदानांवर, आलटून पालटून झाले, ही मोठी सुधारणा होती. पण संघ सातच, म्हणून सामने प्रत्येकी बारा. पुढच्या वर्षी आठ संघ झाले, सामने चौदा. करंडक ईस्ट बंगालने नेला. इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगमध्ये २०२१-२२ साली भुवनेश्वरइतकेच बारा संघ होते, पण प्रत्येकाला बावीस सामने मिळत होते, आणि तेही सप्टेंबर ते मे. आपल्याकडे संघांची संख्या बारावर नेऊन आलटून पालटून खेळवलं, तर तेवढेच सामने होतील. त्यासाठी प्रवासखर्च उचलणारा कोणी हवा आणि वर्षाआधी जाहीर होणारं वेळापत्रक हवं. खेळाडू भुवनेश्वरलाच तयार होत्या.