मोटारीतील गाणे आणि खिशातील फोन

ज्या घरात एके काळी एकच रेडिओ असे, त्या घरात आज माणशी एक फोन झाला आहे, आणि प्रत्येक फोनात ज्याचे त्याचे गाणे आहे. १९५५ सालच्या एप्रिलात पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते वर्षभर चालली, आणि ती ऐकण्यासाठी वाड्यातील बिऱ्हाडे एका संचाभोवती जमून बसत. आजोबांस जे आवडे ते नातवास ऐकावे लागे, नातवाची फर्माईश आजोबा मुकाट्याने सोसत, आणि या परस्परांच्या सक्तीतूनच घराचा म्हणून एक कान तयार होई. हल्ली दिवाणखान्यात चौघे बसले तर चार मैफली चाललेल्या असतात, आणि एकीचा सूर दुसरीस ठाऊक नसतो. या स्थितीस अपवाद उरला आहे तो मोटारीचा. तेथे माणसे पाच आणि गाण्याची पेटी एकच. कोणीतरी आपला फोन मोटारीच्या स्टिरिओस जोडतो आणि त्याचे गाणे सर्वांचे होते. वरवर पाहता ही एक यांत्रिक क्रिया. परंतु एकाच्या खिशातील खाजगी वस्तू ती सगळ्या घरापुढे उघडते, म्हणून तिचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

विक्रोळीच्या रहिवाशांस मोटारीत बसून राहण्याची सवय मुद्दाम लावावी लागत नाही. ज्या भागात १९४३ साली गोदरेजांनी विस्तीर्ण जमीन खरेदी केली व पुढे पिरोजशानगर वसविले, तेथूनच आज पूर्व द्रुतगती महामार्ग जातो, आणि जोगेश्वरीहून येणारा जोडरस्ता येथेच त्यास मिळतो. संध्याकाळी या संगमावर मोटारींचा असा पूर येतो की कन्नमवारनगरातील गृहस्थाचे घर हाकेच्या अंतरावर असूनही त्यास गाठता येत नाही. अशा वेळी गाण्यावाचून दुसरा आधार कोणता?

आता हे जोडावयाचे कसे? ज्यांच्या मोटारीत केवळ जुना रेडिओ आहे, ते सिगारेट पेटविण्याच्या खोबणीत बसणारे एक चिमुकले प्रक्षेपक यंत्र आणतात. फोनातील गाणे ते एफएमच्या एखाद्या रिकाम्या जागेवर सोडते व रेडिओ ते टिपून घेतो. युक्ती नामी आहे, पण मुंबईत रेडिओवर रिकामी जागा मिळणे हे दादरला रिकामी खोली मिळण्याइतकेच दुर्घट. ९१.१, ९३.५, ९८.३ अशी एकामागून एक केंद्रे दाटीने उभी, आणि त्यांच्या सामर्थ्यापुढे या चिमुकल्या यंत्राचा आवाज तो किती! भीमसेनांच्या तानेत मध्येच साबणाची जाहिरात शिरते. हेच यंत्र कोकणात उतरल्यावर निर्वेध गाऊ लागते, त्यात यंत्राचा गुण नसून तेथील मोकळ्या आकाशाचा आहे.

त्याहून खात्रीची ती वायर. स्टिरिओवर ‘ऑक्स’ असे लिहिलेले भोक असल्यास साडेतीन मिलिमीटर जाडीच्या टोकाची एक साधी वायर पुरते. आमच्या मते कानाचा चोखंदळ मनुष्य अजूनही हिलाच पसंती देईल. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फोनाचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमीजास्त जे करावयाचे ते स्टिरिओच्या बटणाने करावे. उलट केल्यास गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. दुसरे असे की, फोन त्याच वेळी मोटारीच्या विजेवर चार्जिंगला लावला तर पुष्कळदा एक बारीक किणकिण ऐकू येते व ॲक्सिलरेटर दाबताच तिचा सूर चढतो. ती मोटारीतील वीज उत्पन्न करणाऱ्या यंत्राची असते. चार्जरची वायर काढली की तंबोरा पुन्हा शुद्ध. नव्या फोनांपैकी बहुतेकांस हे भोकच उरलेले नाही, ही मात्र खेदाची गोष्ट.

म्हणून सर्वत्र चलती आहे ती ब्लूटूथची. डेन्मार्कच्या दहाव्या शतकातील हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून हे नाव पडले. त्याने फुटून राहिलेल्या टोळ्या एकत्र केल्या, तशी ही योजना निरनिराळ्या यंत्रांस एकत्र आणते, अशी त्यामागील कल्पना. कोंडीत शंभर मोटारी शेजारी उभ्या असता एकीचे गाणे दुसरीत का शिरत नाही, हा प्रश्न चौकस मुलांस पडतो. त्याचे उत्तर मनोरंजक आहे. प्रथम फोन आणि स्टिरिओ यांची ओळख करून द्यावी लागते, व पुढे ती दोघे आपसांत ठरलेल्या क्रमाने ७९ लहरींमधून उड्या मारीत बोलतात. त्याही सेकंदास १६००. तिऱ्हाइतास हा क्रम ठाऊक नसल्यामुळे त्यास कशाचाच मेळ लागत नाही.

पण या ओळखीतच एक मेख आहे. स्टिरिओ नुसते गाणे घेत नाही. फोनवरील संभाषणही घेतो, आणि आपण संमती दिल्यास त्यातील नावांची व क्रमांकांची यादीही आपल्याकडे उतरवून घेतो. सासूबाई, मामंजी व मुले मोटारीत आहेत, फोन सूनबाईंचा आहे, आणि भैरवी रंगात आली असता माहेरचा फोन येतो. गाणे थांबते, बटण दाबले जाते, आणि “काय ग, तुझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं खरंच आहे ना?” हा आईचा प्रेमळ प्रश्न चारही कोपऱ्यांतून घुमतो. अशा प्रसंगी कोणाचाच दोष नसतो. परंतु पुढील दोन तासांचा प्रवास फार लांब वाटतो. आम्ही जाणत असलेल्या एका घरात तर यानंतर सूनबाईंनी आपला फोन मोटारीस जोडणेच सोडून दिले, आणि त्यांच्या संग्रहातील उत्तम नाट्यपदांस घर मुकले. वास्तविक उपाय अगदी सोपा आहे. अँड्रॉइड फोनांत ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये मोटारीच्या नावापुढे गाण्यासाठी व कॉलसाठी अशा दोन वेगळ्या कळा असतात. त्यांतील कॉलची बंद केली की संभाषण कानापाशीच राहते व गाणे तेवढे सर्वांचे होते. जुनी मोटार विकताना मात्र स्टिरिओतून सर्व फोनांची ओळख व उतरलेली यादी पुसून टाकण्यास विसरू नये. आपल्या आप्तांचे क्रमांक परक्यास विकण्याचे कारण नाही.

गाणे बदलण्याचे काम चालकाकडे नसावे, हे निराळे सांगावयास नको. वाहन चालविताना हातात फोन धरणे हे मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली धोकादायक चालविणे ठरते, असा स्पष्ट उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीने आला आहे. फोन मागच्या बाकावर असावा. शक्यतो आजोबांपाशी.

आणि आजोबांस असा अधिकार मिळाला तर काय घडू शकते ते पाहण्यासारखे आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे. त्या काळच्या थोर गायकांस अवघा राग त्या चिमटीत बसवावा लागला, आणि आपल्या वडिलांची पिढी तेवढ्यावरच तृप्त राहिली. घरात तासाभराचा ख्याल अखंड ऐकणे आज दुर्मीळ झाले आहे. दाराची घंटा वाजते, दूध उतू जाते. विक्रोळीहून पुण्यास जावयास तीन तास तरी लागतात, आणि त्या तीन तासांत उठून जावयास जागा नसते. सकाळी सातला ऐरोलीच्या पुलावर तोडीचा विलंबित ख्याल लावला तर खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत तो सावकाश उलगडू शकतो, आणि प्रारंभी कुरकुरणारी मुले द्रुत लय लागताच आपोआप ताल धरतात. याकरिता गाणी आदल्या रात्री घरीच फोनात उतरवून घ्यावीत. खंडाळ्याच्या घाटात व बोगद्यांत इंटरनेट तुटते, आणि समेच्या तोंडाशी गाणे थांबण्यासारखा रसभंग नाही. त्याचप्रमाणे रस्ता सांगणाऱ्या नकाशातील बाईंचा आवाजही बंद करावा. ख्यालाच्या मध्ये “उजवीकडे वळा” हे शब्द शोभत नाहीत, व पुण्याचा रस्ता चालकास ठाऊक असतोच.

परतताना फोन नातवाच्या हाती द्यावयाचा. तो जे लावील ते लोणावळ्यापासून विक्रोळीपर्यंत आजोबांनी ऐकावयाचे, ही अट निघण्यापूर्वीच ठरलेली बरी.