पायऱ्यांचे मार्क

मंडळी, परदेशात येऊन एम. एस. केलं, वीस वर्षं इंजिनिअर म्हणून नोकरी केली. तरी घरचा कॉम्प्युटर बिघडला की माझा चेहरा गणिताच्या पेपरला बसलेल्या मुलासारखा होतो. आमचे गणिताचे सर म्हणजे खुद्द बाबा, त्यामुळे तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा आहे!

बाबा गेल्या वर्षी गेले. १९९८ साली ते शाळेतून निवृत्त झाले, त्या समारंभाची व्हीएचएस कॅसेट मी सांगलीहून आणली होती. वर्षश्राद्धाआधी ती साफसूफ करून आईला पाठवायची, असं ठरवलं. चित्र कॉम्प्युटरवर उतरवलं. पण त्यातल्या मुंग्या घालवायचं काम सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी! क्षणभरानं चित्र परत येई, पण केलेलं काम वाया. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी एकच नोंद : ग्राफिक्स ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं.

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला दुभाषी. कार्डाकडून साधारण दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर विंडोज दोघांनाही पुन्हा सुरू करतं. ही सोय २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासूनची. त्याआधी मशीन गोठायचं आणि बटण दाबून बंद करावं लागायचं. म्हणजे तक्रारीत नाव दुभाष्याचं असतं. पण चूक त्याची, की कार्ड तापलं, की त्याला वीज कमी पडली, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

हे माहीत असूनही मी काय केलं? एका शनिवारी नवा ड्रायव्हर घातला, विंडोज अपडेट केलं, आतली धूळ झाडली. सगळं एकदम! स्क्रीन काळी ती काळीच. एका मित्रानं सुचवलं, "अरे, रजिस्ट्रीत जाऊन ती दोन सेकंदांची मुदत वाढव." म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून द्यायचा!

रविवारी फोनवर आईनं विचारलं, "झाली का रे ह्यांची कॅसेट?" काय सांगणार?

उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या गाळल्या की बाबा मार्क कापत. त्या रात्री मी मुकाट्यानं वही काढली. एका वेळी एकच बदल आणि पुढे निकाल. सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर समूळ काढला, आधीचा जुना घातला : स्क्रीन काळी. कार्डाचं तापमान पाहिलं, ७० अंश सेल्सिअस : ठीक. कार्डाला वीज देणारी केबल काढून घट्ट बसवली : काळी. मंडळाचे हिशेब लिहिताना कधीच नाही, कार्डावर भार आला की हमखास. शेवटी कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅम्सची यादी वाचली. त्यात एक नाव अनोळखी.

चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, ते माझं. गेम नीट चालावा म्हणून कार्ड थोडं फास्ट केलंय."

ओव्हरक्लॉकिंग! हा प्रोग्रॅम ड्रायव्हरहून वेगळा. मी ड्रायव्हर कितीही बदलले तरी तो दर वेळी कार्डाचा वेग पुन्हा चढवत होता. अर्ध्या तासाच्या गेममध्ये ते खपून जायचं. सलग जड कामात कार्ड अडखळायचं. मुलावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. "अलीकडे काय बदललंय?" हा पहिल्या पायरीचा प्रश्न मी घरात कुणालाच विचारला नव्हता. मार्क माझेच कापायला हवेत.

वेग मूळपदावर आणला. काम रात्रभर चाललं, स्क्रीन एकदाही काळी पडली नाही. सकाळी गळ्यात हार घातलेले बाबा बोलू लागले, तेव्हा चिरंजीव शेजारी येऊन बसले. अर्धं मराठी त्याला कळलं, अर्धं मी सांगितलं.

तेव्हा मंडळी, नवं कार्ड विकत घेण्याआधी चार आण्यांची वही काढा आणि घरच्यांना विचारा.

कॅसेट आईला पाठवली. तिचा फोन आला. "आवाज अगदी ह्यांचाच आहे रे," एवढंच म्हणाली आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.