बाझेलची चित्रपेठ

ऱ्हाईन नदी जेथे पश्चिमेची वाट सोडून उत्तरेकडे वळते आणि स्वित्झर्लंड, फ्रान्स व जर्मनी या तिन्ही राष्ट्रांच्या सरहद्दी एकमेकींना भिडतात, त्या वळणावरच्या बाझेल शहरात दरवर्षी जूनमध्ये सुमारे चाळीस देशांतील पावणेतीनशेहून अधिक चित्रविक्रेते आपापला माल घेऊन उतरतात. ‘आर्ट बाझेल’ या नावाने विख्यात असलेला हा मेळा शुद्ध बाजार आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण संग्रहालयाच्या थाटात लागलेली पिकासोची चित्रे पाहता पाहता नवख्या प्रेक्षकाला याचा विसर पडतो की त्यातील बहुतेक प्रत्येक चित्राला किंमत आहे आणि ती सहसा भिंतीवर लिहिलेली नसते.

अशा मेळ्याची मूळ कल्पना जर्मनीतील कोलोनची. १९६७ साली हाइन श्ट्युन्के आणि रुडॉल्फ त्स्विर्नर या विक्रेत्यांनी तेथे १८ जर्मन गॅलऱ्यांचा कलाबाजार भरवला. परंतु त्याचे दार आपल्या मंडळाच्या सभासदांपुरतेच उघडे ठेवले. बाहेर राहिलेल्यांचा रोष वाढत गेला आणि १९७० मध्ये योसेफ बॉइससारखा नामांकित शिल्पकार आपल्या सोबत्यांसह त्या बाजाराच्या काचेच्या दारावर हातातल्या किल्ल्या वाजवीत उभा राहिला. त्याच वर्षी बाझेलच्या एर्न्स्ट बायलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्ट्स हिल्ट या तिघांनी परदेशी गॅलऱ्यांनाही मुक्तद्वार देऊन आपला मेळा सुरू केला. पहिल्याच खेपेस १० देशांतील ९० गॅलऱ्या आल्या आणि सोळा हजारांवर लोक तो पाहून गेले.

हे बाझेललाच का साधले, याचे उत्तर केवळ स्वित्झर्लंडच्या बँकांत आणि शिथिल कायद्यांत शोधणे मला अपुरे वाटते. १९६७ साली एका स्थानिक धनिक घराण्याच्या विमान कंपनीचे विमान सायप्रसमध्ये कोसळले आणि कंपनी डबघाईला आली, तेव्हा त्या घराण्याने शहराच्या संग्रहालयात ठेवायला दिलेली पिकासोची दोन चित्रे विक्रीला काढण्याची वेळ आली. किंमत ८४ लाख फ्रँक. पैकी ६० लाख सरकारी खजिन्यातून द्यावेत असा ठराव झाला. त्यावर हरकत घेतली गेली, आणि चित्रखरेदीसारखा विषय थेट मतपेटीत गेला. उरलेली रक्कम जमवण्यासाठी प्रतिष्ठित नागरिक, विद्यार्थी, दुकानदार अशा सर्वांनी मिळून रस्त्यांवर ‘भिकाऱ्यांचा उत्सव’ मांडला आणि डिसेंबरमध्ये बहुमताने खरेदीच्या बाजूने कौल दिला. हे वर्तमान ऐकून पिकासो इतका द्रवला की त्याने आणखी चार कलाकृती आपण होऊन शहराला बहाल केल्या. ज्या गावात चित्राच्या खरेदीवरून कर भरणारा माणूस मतदान करतो, तेथे तीन वर्षांनी चित्रांची पेठ वसावी यात नवल ते काय?

मुक्तद्वाराचा तो काळ मात्र फार टिकला नाही. आज गाळा हवा असेल तर गॅलरीला रीतसर अर्ज करावा लागतो. कोणत्या कलावंतांचे काम आणणार, कसे मांडणार, याचा तपशील रुजू करावा लागतो. आणि त्यावर निवाडा देणाऱ्या समितीत प्रामुख्याने इतर गॅलऱ्यांचेच चालक असतात. अर्ज मंजूर झाला की गॅलरीची पत वाढते आणि तिच्या कलावंतांचे भावही वधारतात. पहिले दिवस निमंत्रित मानकऱ्यांचे. सामान्य तिकीटधारकाचा प्रवेश त्यानंतर. तोवर पुष्कळ सौदे उरकलेले असतात, कित्येक तर मेळ्याआधीच छायाचित्रे धाडून ठरलेले असतात. विक्रीची रक्कम सामान्यतः गॅलरी आणि कलावंत यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. आपल्या मार्केट यार्डातील अडत्याला हा दर ऐकून भोवळच येईल.

या व्यवहारात नेमके काय विकले जाते, हा प्रश्न २०१९ साली याच मेळ्याच्या मायामी शाखेत अगदी उघडा पडला. माउरित्सिओ कात्तेलान या इटालियन कलावंताने एक केळे चिकटपट्टीने भिंतीवर लावले आणि त्याची किंमत सांगितली १,२०,००० डॉलर. दुसऱ्या एका कलावंताने ते सर्वांदेखत सोलून खाल्ले, तरी कोणाचेच नुकसान झाले नाही, कारण ग्राहकाने घेतली होती ती कलाकृतीच्या अस्सलपणाची सनद; केळे कोणतेही चालते. २०२४ मध्ये त्याच कृतीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरांवर गेली. अनेकांना हा थिल्लरपणा वाटला. मला त्यात बाजाराचे बरेच प्रामाणिक चित्र दिसते.

माझी तक्रार निराळी आहे, आणि ती गाळ्याच्या भाड्याबद्दल आहे. भाडे, वाहतूक, विमा, माणसांची राहण्याजेवणाची सोय हा सारा खर्च चार-सहा दिवसांत वसूल करायचा म्हटल्यावर लहान गॅलरी खात्रीने खपेल तेच घेऊन जाते, आणि एखाद्या अपरिचित तरुणाचे काम घरीच राहते. २०१८ मध्ये कोलोनच्या त्या त्स्विर्नरांचे चिरंजीव डेव्हिड, जे आता स्वतः बलाढ्य गॅलरीचे धनी आहेत, त्यांनीच बड्यांनी जास्त भार उचलावा असे सुचवले आणि पुढच्या वर्षापासून बाझेलने मोठ्या गाळ्यांना चढता दर लावला.

मुंबईच्या गॅलऱ्यांना हा हिशेब चांगला ठाऊक आहे. केकू गांधी यांनी चाळीसच्या दशकात तसबिरींच्या चौकटी बनवण्याचा धंदा काढला, दुकानात हुसेन, आरा यांची चित्रे लावायला सुरुवात केली आणि १९६३ मध्ये जहांगीरच्या माडीवर ‘गॅलरी केमोल्ड’ उघडली. त्याच केमोल्डने पुढे आर्ट बाझेलच्या हाँगकाँग मेळ्यात गाळा मांडला. २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ भरू लागल्याने निदान समुद्रापारची वाहतूक आणि परदेशातला मुक्काम यांचा खर्च वाचतो. वाचलेल्या पैशांतून जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या मुला-मुलीला भिंतीचा एक कोपरा मिळतो की तेथेही हुसेन आणि रझाच लागतात, हे तिकीट काढून पाहण्याजोगे आहे.